हिशोब मोठ्यानं वाचा

(पावसाळ्याआधी झालेल्या युवा शिबिरात शेवटच्या दिवशी केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरून कुणी येऊ शकलं नाही त्यांनी मागितलं म्हणून इथं छापत आहोत. ज्याला वाचता येतं त्यानं रात्री पाड्यात सगळ्यांना वाचून दाखवावं.)



तीन दिवस आपण जमिनीचं बोललो. दंडाच्या पावत्या, पंचनामे, कोर्टाच्या तारखा, सगळं झालं. आज जाता जाता आम्हाला विषय दिला आहे सत्तेचा. सत्ता हातात आली की माणूस बिघडतो का, आणि बिघडतो तर कसा. विषय ऐकल्याबरोबर मागच्या रांगेतले एक काका बोलले, "त्याच्यात सांगायचा काय? गार्ड खातो, तलाठी खातो, पुढारी खातो. झाला तुमचा भाषण." सगळे हसले, आम्हीही हसलो. काकांचं काही खोटं नाही. गार्डाचा कोंबडा, तलाठ्याचे पैसे, व्यापाऱ्यानं मारलेलं माप, हे आपल्याला पाठ आहे. ते सांगायला आम्ही उभे राहिलो नाही. आम्ही आज आपल्या स्वतःबद्दल बोलणार आहोत.

आजच का? कारण सत्ता आपल्या दाराशी आली आहे. १९९६ च्या डिसेंबरात दिल्लीत एक कायदा झाला, त्याला पेसा म्हणतात. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांसाठी तो आहे, म्हणजे आपल्यासाठी. त्यात असं लिहिलं आहे की आपल्या रीतीनं आपला कारभार बघणारी वस्ती, मग तो एखादा पाडा का असेना, ते गाव. तिथले सगळे मतदार मिळून ग्रामसभा. कुठल्या योजनेचा लाभ कुणाला द्यायचा ते ग्रामसभा ठरवणार. पंचायतीनं खर्च केलेल्या पैशाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागणार. डिंक, मोह, मध असल्या गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेकडे आणि पंचायतीकडे येणार. आता कागदावरचा कायदा आणि रानातला कायदा ह्यांत किती कोस अंतर असतं ते आपल्याला ठाऊक आहे. लढल्याशिवाय ह्यातलं काही मिळणार नाही. पण लढलो तर मिळणार. आणि ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी शिक्का, वही आणि पेटीची किल्ली आपल्यातल्याच कुणाच्या तरी हातात जाणार. तो कसा वागेल? आम्ही कसे वागू? हे आधी बोलून घ्यायला पाहिजे. किल्ली गेल्यावर बोलून उपयोग नाही.

एक गोष्ट सांगतो. गोष्ट इंग्लंडातली आहे, पण ऐका, ओळखीची वाटेल. जॉर्ज ऑर्वेल नावाच्या लेखकानं ती १९४५ साली छापली. हे साल ध्यानात ठेवा. त्याच साली आपल्याकडे झरीला वारली माणसं जमली होती. पुस्तकाचं नाव 'अ‍ॅनिमल फार्म', म्हणजे जनावरांची वाडी. आम्हाला ती आधी एका मास्तरांनी सांगितली, मग आम्ही दोघा-तिघांनी मिळून वाचली.

एका वाडीचा मालक असतो, जोन्स. दारुडा. जनावरांना राबवतो आणि उपाशी ठेवतो. एक दिवस जनावरं उठतात आणि जोन्सला हाकलून देतात. वाडी जनावरांची होते. मग ती भिंतीवर सात नियम लिहितात. सगळी जनावरं सारखी, कुणी माणसासारखं बिछान्यावर झोपायचं नाही, दारू प्यायची नाही, एकमेकांचा जीव घ्यायचा नाही, असे नियम. नियम चांगले आहेत. आपण संघटना काढली तेव्हा आपणही असेच नियम केले होते.

आता वाडीत डुकरं हुशार. ती लिहायला वाचायला शिकतात, म्हणून कारभार त्यांच्याकडे येतो. कुणी त्यांना निवडून दिलं नाही, कुणी विरोधही केला नाही. त्यांना वाचता येतं, मग त्यांनीच बघावं, असं सगळ्यांना वाटलं. आणि पहिली चोरी कसली झाली? जमिनीची नाही, सोन्याची नाही. गायींचं दूध आणि झाडाखाली पडलेली सफरचंदं. ती डुकरांनी आपल्याकडे ठेवली. विचारलं तर म्हणाली, आम्हाला डोक्याचं काम आहे, आम्ही हे खातो ते तुमच्याच भल्यासाठी. आम्ही खाल्लं नाही तर कारभार बिघडेल, आणि कारभार बिघडला तर जोन्स परत येईल. जोन्स परत यायला पाहिजे का तुम्हाला?

जोन्सचं नाव निघालं की सगळे गप्प.

पुढं काय झालं ते भराभर सांगतो. मोठा डुक्कर नेपोलियन. त्यानं कुत्र्याची पिल्लं आईपासून तोडून गुपचूप वाढवली आणि पुढं ती विरोध करणाऱ्याच्या अंगावर सोडली. डुकरं मालकाच्या घरात राहायला गेली, बिछान्यावर झोपली, दारू प्यायली. प्रत्येक वेळी भिंतीवरचा नियम रात्रीत बदलायचा. बिछान्यावर झोपायचं नाही, त्याच्यापुढं लिहिलं, चादर घालून झोपायचं नाही. दारू प्यायची नाही, त्याच्यापुढं लिहिलं, जास्त प्यायची नाही. जनावरांना वाटायचं, आपल्याला वेगळं आठवतं, पण भिंतीवर लिहिलं आहे म्हणजे तेच खरं असणार. शेवटी डुकरं दोन पायांवर चालायला लागली आणि माणसांबरोबर पत्ते खेळत बसली.

त्या वाडीत एक घोडा होता, बॉक्सर. सगळ्यांत कष्टाळू. काही झालं की तो म्हणायचा, मी अजून जास्त काम करीन. राबून राबून तो पडला. डुकरांनी सांगितलं, त्याला दवाखान्यात पाठवतो. गाडी आली, घोड्याला घेऊन निघाली. गाडीवर नाव लिहिलेलं होतं खाटकाचं. पण वाचणार कोण?

वाचणारा एक होता. बेंजामिन नावाचं गाढव. त्याला डुकरांइतकंच चांगलं वाचता येत होतं. भिंतीवरचे नियम बदलताना त्याला समजत होतं. तो बोलत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा तो ओरडत धावत आला आणि गाडीवरचं नाव त्यानं वाचून सांगितलं. पण तोवर उशीर झाला होता, गाडी फाटकाबाहेर निघून गेली.

आता आपली गोष्ट.

आपल्याच एका पाड्यातली. नाव घेणार नाही. सरकारनं ठरवलं होतं की १९७८ च्या मार्चअखेरपर्यंत जी वनजमीन आदिवासी कसत होता ती तपासून त्याच्या नावावर करायची. म्हणून त्या आधीची दंडाची पावती म्हणजे सोन्याचा कागद. ज्यासाठी गार्डानं आपल्या बापाला मारलं, तोच कागद आज आपला पुरावा. असे कागद गोळा करायला, अर्ज भरायला, तारखेला जायच्या भाड्याची वर्गणी जमवायला पाड्यानं एक साथी निवडला. चांगला साथी. लाठी खाल्लेला, आठ दिवस आत बसलेला. रात्रीच्या वर्गात आमच्याबरोबर अक्षरं गिरवलेला.

पहिल्या वर्षी तो सगळ्यांबरोबर खाली बसायचा. मग कुणीतरी त्याला खाट दिली. मग बैठकीला तो आल्याशिवाय सुरुवात होईना. मग कुणी कोंबडा दिला, कुणी अर्ज लवकर जावा म्हणून दहा रुपये जास्त दिले. त्यानं मागितले नव्हते, आपल्याच लोकांनी दिले. पुढं तो मागायला लागला. जो बैठकीत उलटं बोलला त्याचा अर्ज गठ्ठ्यात खाली. जो गोड बोलला त्याचा वर. वर्गणीचा हिशोब चौदा महिने वाचला नाही. विचारलं तर म्हणायचा, "माझ्यावर भरवसा नाय काय? मी तुमच्यासाठी मार खाल्ला."

त्या पाड्यात एक आजी आहे. एकटी. तिच्या नवऱ्याला त्या प्लॉटसाठी दंड झाला होता, त्याची पावती तिनं पत्र्याच्या डब्यात चिंधीत गुंडाळून इतकी वर्षं जपली. ती तिनं आपल्या साथीच्या हातात दिली. तपासणीची यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. ती तीन वेळा विचारायला आली, "बाबा, माझा कागद कुठं गेला?" तिला सांगितलं, साहेबाकडे आहे. कागद साहेबाकडे नव्हता. त्याच साथीच्या पेटीत, तळाशी होता. तिचा पुतण्या बैठकीत भांडला होता, एवढंच कारण. वही हातातून काढून घेतली, कागद सापडला, अर्ज पुन्हा घातला. पण तपासणी होऊन गेली होती. आजीचा अर्ज अजून लागलेला नाही. ह्या पावसात ती पेरणी करील तेव्हा गार्ड तिला उठवू शकतो. हे फॉरेस्टवाल्यांनी केलं नाही. हे आपण केलं.

आपण म्हणतो ते समजून म्हणतो. कारण आम्हा चार-पाच शिकलेल्या पोरांना हे आधी कळलं होतं. आम्ही बारावीपर्यंत शिकलो, वही वाचता येते, पावतीबुक आणि जमा रक्कम जुळत नाही हे आम्हाला दिसलं होतं. आम्ही सहा महिने गप्प बसलो. का? आम्ही एकमेकांना सांगितलं, आता बोललो तर संघटनेची बदनामी होईल. फॉरेस्टवाल्यांना फावेल. सावकार हसेल. म्हणजे काय सांगितलं? जोन्स परत येईल.

भावांनो, त्या पुस्तकातलं गाढव कोण ते आम्हाला तेव्हा कळलं. (हसा, हसण्यासारखंच आहे.)

आमच्या जुन्या साथींपैकी काहींनी हे पुस्तक सांगू नका म्हणून सुचवलं. त्यांचं म्हणणं, ते पुस्तक रशियातल्या क्रांतीवर आहे, आणि श्रीमंत देशांनी ते गरिबांच्या चळवळीविरुद्ध वापरलं. दोन्ही खरं आहे. १९१७ साली रशियात मजूर आणि शेतकरी उठले, राजा गेला, जमीनदार गेले, आणि पुढं स्टालिनच्या हाती सगळी सत्ता आली तेव्हा त्याच क्रांतीतल्या साथींना त्यानं गोळ्या घातल्या. पण हे लिहिणारा माणूस श्रीमंतांच्या बाजूचा नव्हता. तो स्वतःला समाजवादी म्हणवायचा, स्पेनमध्ये हुकूमशहाविरुद्ध बंदूक घेऊन लढला, १९३७ साली त्याच्या गळ्यातून गोळी गेली. जोन्सला हाकलू नका असं त्याचं पुस्तक सांगत नाही. जोन्सला हाकललंच पाहिजे. हाकलल्यावर भिंतीवर लक्ष ठेवा, असं आम्ही त्यातून शिकलो. आणि शत्रू आपली चूक दाखवतो म्हणून ती चूक राहत नाही असं नसतं.

दुसऱ्या देशाचं सोडा. आपल्या देशात १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागली. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवते. त्या काळात गरिबांसाठी चांगले कायदेसुद्धा झाले. वेठबिगारी बंद करायचा कायदा १९७६ चा. आपल्या राज्यात, बिगरआदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत द्यायचा कायदा लागू झाला तो १९७५ साली. मग वाईट काय झालं? विचारायची सोय राहिली नाही. वर्तमानपत्र सरकारला दाखवून छापायचं. विरोधात बोलला तो तुरुंगात. आणि जेव्हा विचारणारा उरत नाही तेव्हा चांगल्या हुकमाचंही वाईट होतं. नसबंदीचा कोटा निघाला, मास्तरांना, ग्रामसेवकांना आकडे दिले, आणि आकडा भरायला गरिबाला धरून नेलं. १९७७ च्या मार्चमध्ये लोकांनी मतं देऊन ते सरकार घालवलं. लोकांचं राज्य आलं म्हणून दिवे लावले. ते नवीन सरकार १९७९ च्या जुलैत खुर्चीच्या भांडणात पडलं. म्हणजे माणसं बदलली, पक्ष बदलला, खुर्चीचा गुण तोच राहिला.

आता कुणी म्हणेल, मग जो खातो त्याला धरून बडवला की झालं. त्याच्यावर आपल्या मराठीतलंच एक नाटक आहे. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल', १९७२ सालचं. परगावाहून पुण्यात आलेला घाशीराम. तिथं त्याला चोर म्हणून मारतात, अपमान करतात. तो सूड घ्यायचं ठरवतो. काय करतो? आपली पोर नाना फडणविसाच्या हवाली करतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली घेतो. मग रात्री बाहेर पडायला परवाना, ह्याला परवाना, त्याला परवाना. काल ज्याला मारलं तोच आज मारतो. शेवटी कोठडीत माणसं गुदमरून मरतात, लोक चिडतात. तेव्हा नाना काय करतो? घाशीरामाला लोकांच्या ताब्यात देऊन टाकतो. लोक त्याला दगडांनी मारतात. खरा घाशीरामही १७९१ साली पुण्यात असाच मेला.

लोकांना वाटतं न्याय झाला. पण नाना जागेवरच आहे. ज्या हातानं कोतवालीचा कागद दिला, त्याच हातानं मारायचा हुकूम दिला. उद्या तो दुसरा घाशीराम आणील.

हे आपल्याकडे रोज होतं. आपल्यातलाच एक पोरगा वॉचर होतो, खाकी घालतो, आणि आपल्याच बायांच्या डोक्यावरची मोळी खाली उतरवतो. आपण त्याला शिव्या देतो. द्यायलाच पाहिजेत. पण वरचा साहेब जागेवरच राहतो. पंचायतीत बाई सरपंच होते, सही तिची आणि कारभार नवऱ्याचा. चौकशी लागली की अडकते बाई. म्हणून आम्ही म्हणतो, नुसता माणूस बदलून भागणार नाही. आमच्या त्या साथीला आम्ही मारलं नाही, हाकललं नाही. तो आजही मोर्चात पुढं असतो. वही मात्र त्याच्याकडे नाही.

मग करायचं काय?

आधी १९४५ आठवू. त्या वर्षी मे महिन्यात झरीला आपली माणसं जमली. लग्नगडी, वेठ, सगळं मोडलं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड पडला. तेव्हाच्या लोकांत लोभ नव्हता का? असणार, माणूसच ते. पण तेव्हा निर्णय हजारो माणसांच्या समोर, उघड्यावर व्हायचा. लपवायला वही नव्हती आणि खायला पेटी नव्हती. आता वही आली, पेटी आली. त्या आल्या हे चांगलंच आहे, त्यांच्याशिवाय हक्क मिळत नाही. फक्त त्या उघड्यावर आणायच्या.

हे कसं करायचं ते राजस्थानातल्या मजुरांनी दाखवलं आहे. तिथं मजदूर किसान शक्ती संघटन म्हणून संघटना आहे, १९९० पासूनची. त्यांना दुष्काळी कामावर पुरी मजुरी मिळत नव्हती. त्यांनी मस्टर मिळवले आणि १९९४ च्या डिसेंबरपासून गावोगाव जनसुनावणी घेतली. जनसुनावणी म्हणजे काय? मांडव घालायचा, सगळ्या मजुरांना बसवायचं आणि मस्टर मोठ्यानं वाचायचं. अमका, इतके दिवस काम, इतके रुपये दिले. तो अमका तिथंच उठून सांगायचा, मी त्या कामावर गेलोच नाही. मेलेल्या माणसांची नावं निघाली. कागदावर काम पुरं आणि जागेवर भिंतच नाही, असंही निघालं. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरून ते हेच मागत होते की हिशोबाचा कागद आम्हाला द्या.

ह्यात मोठी गोष्ट कुठली ते ऐका. तिथल्या कितीतरी लोकांना वाचता येत नव्हतं. तरी चोरी त्यांनीच पकडली. वाचणारा एक पुरला. भिंतीवर लिहिलेला नियम फक्त डुकरांना वाचता येतो, पण मोठ्यानं वाचलेला हिशोब सगळ्यांना कळतो. आपल्या म्हाताऱ्यांना अक्षर येत नाही, पण कुणी किती वर्गणी दिली, कोण तारखेला गेला, कोण गेला नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना फसवायचं तर एकच उपाय आहे. वाचायचंच नाही.

म्हणून काल रात्री आम्ही शिबिरातल्या पोरापोरींनी बसून चार गोष्टी ठरवल्या. तुम्हाला पटल्या तर प्रत्येक पाड्यात ठेवा.

पहिली. दर अमावास्येच्या बैठकीत जमाखर्च मोठ्यानं वाचायचा. बायका बसल्याशिवाय वाचायचा नाही. वाचला नाही तर त्या महिन्याची वर्गणी द्यायची नाही.

दुसरी. वही एकाकडे, पेटी दुसऱ्याकडे, किल्ली तिसऱ्याकडे. तिघांतली एक तरी बाई. वर्ष झालं की तिघं बदलायचे, चांगलं काम केलं असलं तरी बदलायचे. चांगल्याला बदललं तर त्याला राग येत नाही, आणि वाईटाला सवय लागत नाही.

तिसरी. कुणाचाही मूळ कागद कार्यकर्त्याच्या पेटीत राहणार नाही. नक्कल काढायची, मूळ कागद घरी. कागद घेतला तर चार माणसांसमोर, वहीत लिहून. कोऱ्या कागदावर अंगठा कुणी मागितला, मग तो आमच्यातला का असेना, तर द्यायचा नाही. एकलव्याचा अंगठा गुरूनं मागितला म्हणून त्यानं कापून दिला. आम्ही तुमचे गुरू नाही.

चौथी. ह्याच्यापुढं कुणी विचारलं आणि कुणी उत्तर दिलं की गप बस, दुश्मनाला फावेल, तर त्या बैठकीत तोच विषय आधी घ्यायचा. दुश्मनाला फावतं ते आपण लपवलं म्हणून. आजीचं नाव यादीतून गेलं त्यानं फॉरेस्टवाल्याला जेवढं फावलं, तेवढं आपण चारचौघांत भांडलो असतो तर फावलं नसतं.

ह्या चार गोष्टींनी कुणी देवमाणूस होणार नाही. आम्हीही नाही. हा अंक स्टेन्सिलवर कोरतो ते आम्हीच. काय छापायचं, काय गाळायचं ते आम्हीच ठरवतो. तीही सत्ताच आहे, लहान असली म्हणून काय झालं. म्हणून ह्या अंकाचा खर्च, कागद, शाई, भाडं, सगळा शेवटच्या पानावर देत आहोत. तोही मोठ्यानं वाचा. चूक निघाली तर पुढच्या शिबिरात आम्हाला उभं करा.

आणि ते मागचे काका, तुम्ही म्हणालात गार्ड खातो, तलाठी खातो. त्यांच्याशी लढायला आपण उद्याही जाणार आहोत. पण तहसीलदारापुढं उभं राहून "हिशोब दाखवा" म्हणायचं असेल, तर आधी आपल्या पाड्यात आपला दाखवलेला पाहिजे. मग आवाज कापत नाही.

आजीच्या अर्जासाठी पुढच्या सोमवारी तालुक्याला जायचं आहे. प्रत्येक पाड्यातून दोघांनी तरी यायचं. भाकरी बांधून आणा. भाड्याचा हिशोब परत आल्यावर वाचू.

जोहार. जिंदाबाद.